कामाच्या ठिकाणची धूळ, वाफा आणि नाक-घशाचा कॅन्सर: धोका कसा ओळखावा, कसा कमी करावा

नाकाचा, सायनसचा किंवा स्वरयंत्राचा कॅन्सर झालेल्या माणसाला दवाखान्यात पहिला प्रश्न तंबाखूचा विचारतात, दुसरा दारूचा. ते बरोबरच आहे. घशाच्या कॅन्सरमागे हीच दोन कारणं सगळ्यात मोठी आहेत. पण ‘आजवर कामं कोणकोणती केलीत?’ हा तिसरा प्रश्न बऱ्याचदा राहूनच जातो, नाहीतर त्याचं उत्तर केसपेपरवर एका शब्दात उरतं: ‘निवृत्त’, ‘कामगार’, ‘व्यवसाय’. त्या शब्दातून धोका कळत नाही. नाकातोंडावाटे रोज काय आत गेलं, किती गेलं आणि किती वर्षं गेलं, यावरून तो कळतो. ही माहिती कशी गोळा करायची, काम चालू असेल तर धोका कसा कमी करायचा आणि डॉक्टरांपुढे काय ठेवायचं, ते इथे दिलं आहे.

आधी जागा समजून घ्या

घसा म्हणजे एकच अवयव नव्हे. नाकाची पोकळी आणि तिच्याभोवतीचे सायनस ही एक जागा. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर असलेला घशाचा भाग ही दुसरी. टॉन्सिल आणि जिभेचा मागचा भाग ही तिसरी, आणि आवाज तयार होतो ते स्वरयंत्र ही चौथी. कुठला पदार्थ कुठल्या जागेला घातक, हे बरंचसं त्याच्या रूपावर ठरतं. दहा मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड धुळीचा मोठा भाग नाकातच अडकतो, म्हणून लाकडाची आणि चामड्याची धूळ नाक-सायनसवर उठते. फॉर्मल्डिहाइड हा उग्र वासाचा वायू पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे तो नाकाच्या आणि नाकामागच्या ओल्या अस्तरातच मुरतो. ॲसिडचे बारीक थेंब श्वासमार्गातल्या दमट हवेत फुगतात आणि वरच्या भागात, स्वरयंत्राच्या आसपास बसतात. ॲस्बेस्टॉसचे तंतू श्वासाबरोबर स्वरयंत्रातून खाली जातात आणि कफाबरोबर पुन्हा तिथूनच वर येतात.

टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये कामाचा वाटा कमी. तिथे तंबाखू, दारू आणि एचपीव्ही विषाणू हीच मुख्य कारणं आहेत.

कोणत्या कामात काय हवेत असतं

लाकूडकामाचा पुरावा सगळ्यात भक्कम आहे. इंग्लंडमधलं हाय वायकम हे खुर्च्या आणि फर्निचर बनवणारं गाव. १९६०च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की एरवी क्वचित दिसणारा नाकाचा एक कॅन्सर, ॲडेनोकार्सिनोमा, फर्निचर कारागिरांमध्ये पुन्हा पुन्हा सापडतो आहे. ओक, बीच अशा रुंद पानांच्या झाडांच्या धुळीशी त्याचं नातं सगळ्यात घट्ट निघालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, म्हणजे आयएआरसीने, १९९५ साली लाकडाची धूळ ‘गट १’मध्ये टाकली. माणसात कॅन्सर होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींचा हा गट. त्याच वर्षी १२ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात, भरपूर धुळीत काम केलेल्या पुरुषांमध्ये या एका प्रकारच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या सुमारे ४५ पट आढळला. आकडा घाबरवणारा आहे, पण मुळात हा आजार फार दुर्मीळ, त्यामुळे ४५ पटीनंतरही बहुसंख्य सुतारांना तो होत नाही. मात्र ज्याला होतो त्याच्या बाबतीत कामच कारण असण्याची शक्यता खूप मोठी असते.

धूळ सगळ्या कामांत सारखी नसते. हातकरवतीचा भुसा जाड असतो, तो खाली पडतो. सँडर (घासण्याचं यंत्र), राउटर (खाचा पाडण्याचं यंत्र) आणि गोल करवतीची धूळ बारीक, ती तरंगते. सगळ्यात वाईट वेळ घासकामाची, विशेषतः पॉलिशआधी बारीक नंबरच्या पेपरने घासताना. एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला बोर्ड) आणि प्लायवूडमध्ये भर म्हणून फॉर्मल्डिहाइडवर आधारलेला चिकट पदार्थही असतो.

चामड्यातही हाच न्याय लागू होतो. जोड्यांचे तळ आणि टाचा यंत्रावर घासून गुळगुळीत करताना उडणारी कोरडी धूळ नाकाच्या कॅन्सरशी जोडली गेली आहे. इंग्लंडच्या नॉर्दम्प्टनशर भागातल्या बूट कारखान्यांत हे पहिल्यांदा ठळक झालं. म्हणजे ‘चामड्याचं काम’ एवढं लिहून भागत नाही, घासण्याच्या यंत्रावर किती काळ होता ते लिहावं लागतं.

निकेलच्या बाबतीत धोका आहे तो शुद्धीकरणात: धातुक भाजणं, त्याची भुकटी हाताळणं, विद्युत-शुद्धीकरण. वेल्समधल्या क्लायडॅक इथल्या कारखान्यात जुन्या कामगारांमध्ये नाकाचे आणि फुप्फुसाचे कॅन्सर मोठ्या प्रमाणात आढळले आणि प्रक्रिया बदलल्यावर धोका उतरला. स्टीलची भांडी विकणाऱ्याने याची काळजी करायचं कारण नाही.

फॉर्मल्डिहाइड नाकामागच्या घशाच्या कॅन्सरशी जोडलेला आहे. आयएआरसीने २००४ साली त्याला गट १मध्ये घेतलं. पॅथॉलॉजी लॅब, शरीररचनाशास्त्राचा विभाग, शवलेपन, प्लायवूडचा प्रेस, ओतशाळेतले राळेचे साचे, सुरकुती न पडणाऱ्या कापडावरची प्रक्रिया ही त्याची ठिकाणं. केस सरळ करण्याच्या काही द्रावणांतूनही, तापलेली इस्त्री फिरताना, तो सुटतो. बाटलीवर ‘फॉर्मल्डिहाइड’ लिहिलेलं नसेल पण ‘मिथिलीन ग्लायकॉल’ लिहिलं असेल, तर परिणाम तोच.

सल्फ्युरिक ॲसिडसारख्या तीव्र ॲसिडच्या तुषारांचा संबंध स्वरयंत्राशी आहे. लेड-ॲसिड बॅटरीचं चार्जिंग, पोलाद ॲसिडमध्ये धुणं, खत कारखाने ही मुख्य ठिकाणं. १९९२पासून हे तुषारही गट १मध्ये आहेत. ॲस्बेस्टॉस फुप्फुसासाठी कुप्रसिद्ध आहेच, पण स्वरयंत्राच्या कॅन्सरचंही ते सिद्ध कारण आहे: जुने पाइप-बॉयलरचे वेष्टण, सिमेंटचे पत्रे, ब्रेक लायनिंग, जहाजतोडणी.

क्रोम प्लेटिंगच्या तुषारांनी नाकाच्या पडद्याला भोक पडू शकतं आणि फुप्फुसाचा कॅन्सर होतो. नाकाच्या कॅन्सरबाबतचा पुरावा तुलनेने कमी आहे, म्हणून काळजी कमी घ्यावी असं मात्र नाही.

कामाची वही: हुद्दा नको, कृती लिहा

एक साधी वही घ्या आणि पहिल्या नोकरीपासून सुरुवात करा. सुट्टीत केलेली कामं, वडिलांच्या कारखान्यातली मदत, सगळं धरा. हा कॅन्सर पहिल्या संपर्कानंतर २० ते ४० वर्षांनी उगवतो, त्यामुळे सध्याच्या नोकरीपेक्षा विशी-तिशीतली नोकरी जास्त महत्त्वाची ठरू शकते. प्रत्येक कामासाठी इतकं लिहा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, काय कच्चा माल, कोणतं यंत्र, आठवड्यात किती तास, खोली बंद होती की उघडी, धूळ ओढणारी यंत्रणा होती का, मास्क कोणता आणि तो प्रत्यक्षात किती वापरला.

‘१९८८–९६, फर्निचर’ ही नोंद निरुपयोगी आहे. उपयोगाची नोंद अशी: ‘१९८८ ते १९९६, साग आणि ओकचं फर्निचर, रोज चार तास बेल्ट सँडरवर, बंद शेड, एक भिंतीवरचा पंखा, तोंडाला रुमाल. दिवसाअखेर शिंकरल्यावर तपकिरी शेंबूड. शनिवारी कॉम्प्रेसरच्या हवेने यंत्रं साफ करणं माझ्याकडे.’

शेवटची दोन वाक्यं फार मोलाची. शिंकरल्यावर काय रंग येतो, घामात कपड्यांवर काय चिकटतं, शिफ्टच्या शेवटी घसा जळतो का, अशा गोष्टी मोजमाप नसलेल्या काळाबद्दल बरंच सांगून जातात. ॲसिडच्या टाक्यांवर काम केलेल्यांनी समोरचे दात आरशात पाहावेत. दातांच्या कडा झिजून पातळ, खडबडीत झाल्या असतील तर ॲसिडचे तुषार वर्षानुवर्षं तोंडापर्यंत पोचत होते, ही त्याची खूण असू शकते.

बाजूला बसणाऱ्यांनीही वही करावी. सँडरशेजारी पॅकिंग करणारी बाई, संध्याकाळी झाडू मारणारा पोऱ्या, यंत्राची पिशवी रिकामी करणारा हेल्पर यांच्या नाकात कधीकधी कारागिरापेक्षा जास्त धूळ जाते, आणि ‘सुतार’ या शिक्क्याखाली त्यांची नोंद कुठेच होत नाही.

किती म्हणजे जास्त

लाकडाच्या कठीण जातींच्या धुळीसाठी युरोपीय संघाची मर्यादा २०२३पासून घनमीटरला २ मिलिग्रॅम आहे, आठ तासांच्या सरासरीने. कामकरी माणूस एका शिफ्टमध्ये साधारण १० घनमीटर हवा आत घेतो. म्हणजे मर्यादेत राहूनही दिवसाला २० मिलिग्रॅम धूळ श्वासात जाते, वर्षाच्या २४० दिवसांत जवळपास ५ ग्रॅम. मर्यादेच्या आत आहोत म्हणजे निर्धोक आहोत, असा अर्थ काढू नका. जितकी कमी तितकं चांगलं.

फॉर्मल्डिहाइडसाठी युरोपात आठ तासांची सरासरी मर्यादा ०.३ पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत इतके भाग) आणि १५ मिनिटांची ०.६ पीपीएम आहे. अमेरिकेत अनुक्रमे ०.७५ आणि २. इथे वासावर विसंबू नका. नाक काही मिनिटांत त्या वासाला सरावतं, आणि ‘आता वास येत नाही’ म्हणजे हवा स्वच्छ झाली असं होत नाही.

मोजमाप करून घेणार असाल तर नमुना घेणारं यंत्र कामगाराच्या अंगावर, नाकापासून ३० सेंटिमीटरच्या आत लावलेलं असायला हवं. भिंतीवर टांगलेल्या यंत्राचा आकडा जवळजवळ नेहमी कमी येतो, कारण धूळ जिथे जन्मते तिथे तोंड असतं, भिंत नसते. मोजण्याचा दिवस नेहमीसारखा असावा. मोजणारे येणार म्हणून शेड धुऊन घेतलेल्या दिवशीचा आकडा काही सांगत नाही.

यंत्राशिवाय एक चाचणी कुणालाही करता येते. शेडमध्ये अंधार करा, एक प्रखर टॉर्च स्टँडवर ठेवून तिचा झोत सँडरच्या आसपासच्या हवेतून जाऊ द्या. मग झोताच्या समोरच्या बाजूला, थोडं तिरकं उभं राहून दिव्याच्या दिशेने पाहा. दिवा डोळ्यात येऊ नये म्हणून मध्ये पुठ्ठा धरा. एरवी न दिसणारी बारीक धूळ लकाकते आणि ती पाइपकडे जाते आहे की चेहऱ्याकडे, ते स्पष्ट दिसतं.

धूळ जन्मते तिथेच धरा

इथे बहुतेक शेड चुकतात. छताचा एक्झॉस्ट पंखा धूळ काढतो खरा, पण ती आधी तुमच्या नाकासमोरून वर नेतो. ओढणारं तोंड हवं ते पात्याला किंवा सँडरच्या पट्ट्याला लागून. उघड्या पाइपची ओढ अंतराबरोबर भयानक वेगाने कमी होते: पाइपाच्या तोंडाच्या व्यासाइतकं लांब गेलं की ओढीचा वेग दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याहून खाली येतो. चार इंची पाइप धुळीपासून चार इंच दूर ठेवलात, तर तो जवळपास शोभेचाच. तोंडाभोवती रुंद कॉलर लावली, यंत्राला बाजूंनी पत्र्याने बंदिस्त केलं की त्याच मोटरमध्ये काम होतं.

पाइपातला वेग लाकडाच्या धुळीसाठी सेकंदाला २० मीटरच्या आसपास लागतो. वेग कमी पडला की भुसा आडव्या पाइपात बसतो, पाइप अरुंद होतो, ओढ आणखी घटते. लांबलचक नालीदार लवचीक होज हे याचं नेहमीचं कारण. होज शक्य तितकी आखूड ठेवा, वळणं मोठ्या घेराची घ्या. पिशवी निम्मी भरली की बदला. आणि ती रिकामी करताना मास्क घाला, कारण दिवसभरातला सगळ्यात मोठा धुळीचा ढग बहुधा त्याच दोन मिनिटांत उठतो.

कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा बंद करा. हवा मारून यंत्र चकाचक दिसतं, पण बसलेली बारीक धूळ पुन्हा हवेत जाते. स्थिर हवेत १० मायक्रॉनचा कण डोक्याच्या उंचीवरून जमिनीवर यायला साधारण आठ-दहा मिनिटं घेतो, ५ मायक्रॉनचा अर्धा तास, १ मायक्रॉनचा बारा तासांच्या घरात. म्हणून यंत्र थांबल्याबरोबर मास्क काढून चहा घेणारा माणूस धुळीतच चहा घेत असतो. सफाईला एम वर्गाचा, म्हणजे निदान ९९.९ टक्के धूळ धरणारा व्हॅक्यूम वापरा. ॲस्बेस्टॉससाठी एच वर्गाचाच लागतो. व्हॅक्यूम नसेल तर ओलं फडकं.

मास्क: शेवटचा उपाय, पण नीट करा

रुमाल आणि सर्जिकल मास्क धुळीसाठी निकामी आहेत. कडेने हवा शिरते. लाकूड-चामड्याच्या धुळीसाठी किमान एफएफपी२ किंवा एन९५ हवा, घासकामाला एफएफपी३ उत्तम. वरचा पट्टा डोक्याच्या मागच्या उंच भागावर, खालचा कानाखालून मानेवर. दोन्ही पट्टे मानेवर ओढले तर मास्क खाली सरकतो. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, एका हाताच्या चिमटीने दाबली तर मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना फट राहते. मग दोन्ही हातांनी मास्क झाकून जोरात श्वास सोडा: डोळ्यांकडे वारा लागला तर पुन्हा बसवा. दाढी, अगदी दोन दिवसांचे खुंटही, ही सील मोडतात. ज्यांना दाढी ठेवायचीच आहे त्यांच्यासाठी बॅटरीवर हवा फिरवणारा सैल हूड हाच खरा पर्याय.

मास्क खिळ्याला उघडा टांगला की त्याच्या आतल्या बाजूला धूळ बसते आणि सकाळी पहिल्या श्वासात तीच आत जाते. झाकणाच्या डब्यात ठेवा.

धुळीचा मास्क वायू अडवत नाही. फॉर्मल्डिहाइडसाठी त्याच वायूचं नाव छापलेली कार्ट्रिज, म्हणजे मास्कला लावायची गाळणी, लागते आणि ती ठरल्या मुदतीने बदलावी लागते. संपलेली कार्ट्रिज बाहेरून नव्यासारखीच दिसते.

वाफा, ॲसिड, पत्रे

लॅबमध्ये नमुने कापण्याआधी पाण्यात धुऊन घ्या, डब्यांची झाकणं आणि कचऱ्याचा पिंप बंद ठेवा. वाफा जाळीतून खाली ओढून घेणाऱ्या टेबलाच्या जाळीवर ट्रे आणि कागद मांडून ठेवले तर ओढ तिथेच मेली.

ॲसिडच्या टाकीत वीज चालू झाली की प्लेटींपाशी वायूचे बुडबुडे तयार होतात, वर येऊन फुटतात आणि फुटताना सूक्ष्म थेंब उडवतात. बुडबुडेच थोपवायचे असतील तर चार्जिंगच्या शेवटच्या टप्प्यात प्रवाह कमी ठेवा, पृष्ठभागावर प्लास्टिकचे तरंगते गोळे किंवा फेस धरणारं रसायन टाका. ओढणारी फट टाकीच्या काठाला हवी. टाकीवर वाकून पाहताना डोकं टाकी आणि त्या फटीच्या मधे येऊ देऊ नका.

ॲस्बेस्टॉसचा पत्रा धडधाकट असेल तर त्याला ड्रिल, करवत आणि प्रेशर वॉशर लावू नका, तसाच राहू द्या. तुटलेला असेल तर प्रशिक्षित माणसांकडून ओला करून, अखंड तुकड्यांत काढून घ्या. कामाचे कपडे घरी नेऊन झटकू नका. घरच्यांच्या श्वासात तेच तंतू जातात.

या सगळ्याबरोबर तंबाखू सोडणं. स्वरयंत्राच्या बाबतीत सिगारेट-बिडी हे सगळ्यात जोरकस कारण आहे, आणि तंबाखू व दारू एकत्र आली की धोका नुसता बेरजेने नाही, गुणाकाराच्या जवळ वाढतो. ॲस्बेस्टॉस किंवा ॲसिडमध्ये काम केलेल्या माणसाला आजपासून बदलता येण्यासारखी हीच एक मोठी गोष्ट उरते.

कधी आणि कसं दाखवायचं

एकाच बाजूचं नाक सतत चोंदणं, ही यातली सगळ्यात जास्त दुर्लक्षित खूण. सर्दी आणि ॲलर्जी बहुधा दोन्ही बाजूंना असते किंवा बाजू बदलते. जी बदलत नाही ती तपासायला हवी. त्याच बाजूने रक्तमिश्रित स्राव, वास येईनासा होणं, गाल बधिर होणं, वरचे दात कारण नसताना हलणं, डोळ्यातून सतत पाणी किंवा दोन-दोन दिसणं यांपैकी काहीही सोबत असेल तर थांबू नका. मोठ्या माणसाला एकाच कानात दडा बसणं आणि मानेत न दुखणारी गाठ येणं नाकामागच्या घशाकडे बोट दाखवतं. आवाज तीन आठवडे घोगरा राहिला, गिळताना अडखळायला लागलं, घसा दुखून कळ एकाच कानात जाऊ लागली, तर कान-नाक-घसा तज्ज्ञ गाठा.

साध्या एक्स-रेवर समाधान मानू नका. सुरुवातीची गाठ त्यात निसटते. दुर्बिणीने नाक आणि स्वरयंत्र पाहायला काही मिनिटं लागतात, संशय आला तर सीटी किंवा एमआरआय आणि तुकडा तपासणी (बायॉप्सी). वही सोबत न्या आणि पहिल्या दोन वाक्यांत सांगा: ‘मी १८ वर्षं सँडरवर होतो. सहा आठवड्यांपासून उजवंच नाक बंद आहे.’ औषधाने दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर दुर्बिणीचं स्वतःहून विचारा. काही तक्रार नसेल तरीही दीर्घ काळ लाकडाच्या किंवा चामड्याच्या धुळीत गेलेल्यांनी ठरावीक काळाने नाकाची दुर्बीण तपासणी करावी का, हे व्यावसायिक आरोग्याच्या डॉक्टरांना विचारण्यासारखं आहे. फ्रान्समध्ये पहिल्या संपर्कानंतर ३० वर्षं उलटलेल्यांसाठी तसा सल्ला दिला जातो.

निदान झालंच तर तुकडा तपासणीच्या अहवालात पेशींचा नेमका प्रकार लिहून घ्या. नाकाचा ‘ॲडेनोकार्सिनोमा’ आणि लाकूडकामाची वर्षं शेजारी शेजारी आली, तर बऱ्याच देशांत तो कामामुळे झालेला आजार म्हणून नुकसानभरपाईला पात्र ठरू शकतो, अगदी निवृत्तीनंतरही. त्यासाठी जुनी पगारपत्रकं, ओळखपत्र, सोबत काम केलेल्या दोघांची लेखी साक्ष आणि केसपेपरवर डॉक्टरांच्या हाताने लिहिलेला कामाचा इतिहास लागतो. दाव्याला मुदत असते आणि ती अनेकदा निदानाच्या तारखेपासून मोजतात, म्हणून कागद उपचार चालू असतानाच घरातल्या दुसऱ्या कुणावर सोपवून गोळा करायला घ्या.